टाकीची दुसरी बाजू

दंतवैद्य डबे परत घेऊन आले तेव्हा लेक नुकतीच झोपली होती. मी दार किलकिलं करून आधी ओठांवर बोट ठेवलं आणि मगच त्यांना आत घेतलं. ते आता कुणाचे दात बघत नाहीत. निवृत्त झाल्यापासून छोट्या आगगाड्यांच्या हौशी मंडळाचे ते अध्यक्ष आहेत. तपासणीचा लांब दांडीचा गोल आरसा मात्र अजून त्यांच्या वरच्या खिशात असतो. त्या आरशाने आता ते डब्यांची पोटं बघतात.

त्यांनी खोक्यातून वीतभर लांबीचा एक टँकर काढला, रुळाच्या तुकड्यावर उभा केला आणि माझ्याकडे सरकवला.

"ही बाजू कशी वाटते?" ते कुजबुजले.

"चांगली आहे."

"चांगली काय, सुरेख आहे! आता ही बघा." त्यांनी डबा फिरवला.

काळ्या टाकीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'खनिज तेल वाहतूक मंडळ'. असं कुठलं मंडळ नाही. दंतवैद्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी मिळून आपली स्वतःची एक रेल्वे कल्पून घेतली आहे. तिला स्टेशनं आहेत, वेळापत्रक आहे, अंतर्गत भांडणंसुद्धा आहेत, आणि तिच्या डब्यांवरचं लेखन आमच्या घरी होतं. या बाजूची ओळ डावीकडून उजवीकडे जाताना खाली उतरत होती. फार नाही, केसभर. पण अक्षरांना शिरोरेषा असली की केसभरही लपत नाही. सगळी ओळच कलंडलेली दिसते.

"एखादा डबा असता तर मी बोललो नसतो," दंतवैद्य म्हणाले. "पण सगळ्यांची हीच बाजू. गाडी सुटली की अख्खं मंडळ घसरगुंडीवर बसल्यासारखं दिसतं. आणि प्रदर्शन तोंडावर आलंय. रागावू नका, पण सासरेबुवांचे हात... बरे आहेत ना?"

"हात?" मी म्हटलं.

"नाही, वय आहे. माझंच बघा, शेवटच्या वर्षी दाढेत सुई घालताना नर्स माझ्याकडे नको तेवढं प्रेमाने बघायला लागली होती. तेव्हाच ठरवलं, बास."

ते हसले. मीही हसले असेन. ते गेल्यावर मी त्या टँकरसमोर बसून राहिले.

आमचं काम वाटून घेतलेलं आहे. अक्षरं मी काढते, संगणकावर, आणि छापते छपाईच्या दुकानात. घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, त्याच्या लेखी कागद असतोच पांढरा. काळ्या टाकीवर तर अक्षरं पांढरीच लागतात. त्या दुकानातल्या मशीनमध्ये पांढरी शाई आहे, आणि त्या मशीनपाशी माझी दुपारची नोकरी. अक्षरं छापतात ती एका पातळ फिल्मवर. लहानपणी पाण्यात भिजवून वहीवर चिकटवायची चित्रं मिळायची, तीच जात. आम्ही त्यांना डिकॅल म्हणतो. तुकडा कापायचा, पाण्यात सोडायचा, कागद सुटला की ओळ अलगद डब्यावर सरकवायची, ब्रशने जागेवर आणायची. हे सगळं सासऱ्यांचं. मी त्यांना बाबा म्हणते. सकाळी मी घरात असते तेव्हा ते टाकीची एक बाजू करतात. ती वाळू देतात, आणि दुपारी डबा उलटा करून दुसरी.

फळ्यांचा डबा असेल तर फळीची रेघ बघून ओळ लावता येते. टाकी गोल आणि गुळगुळीत. तिथे धरायला काही नाही, डोळा आणि हात एवढंच. बाबांच्या हातची अक्षरं इतकी सरळ असायची की दंतवैद्य ती आरशातून उलटी करून बघायचे आणि तरी चूक सापडायची नाही.

पण त्या टँकरसमोर बसून मी अक्षरांचा विचार करत नव्हते. रोज दुपारी मी त्याच हातांत माझी लेक देऊन कामावर जात होते.

लेक अजून धड चालतही नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, आणि जिन्याचा कठडा मधल्या वळणावर हलतो. संध्याकाळी मी घरी यायच्या सुमाराला बाबा तिला कडेवर घेऊन त्या जिन्याने खाली उतरतात, तिला कुत्रे आणि सायकली दाखवायला. ती किंकाळ्या मारते म्हणून ते तिला इंजिन म्हणतात. "चला इंजिन, शंटिंगला," म्हणतात आणि निघतात. हे सगळं मी आजवर कौतुकाने सांगत आले होते.

त्या दिवसापासून मी त्यांच्या हातांकडे बघायला लागले.

आणि बघायला लागलं की दिसतंच. चहाचा कप बशीत ठेवताना किणकिणला. सदऱ्याचं वरचं बटण दुसऱ्या प्रयत्नात लागलं. किल्ली कुलपात शिरेना. चमचा पडला. आधीही पडत असतील चमचे, पण मी कधी मोजदाद ठेवली नव्हती. आता प्रत्येक गोष्ट पुरावा होऊन माझ्या पदरात पडत होती. त्यात मी झोपेला महाग झालेली. लेक रात्री झोपत नाही, म्हणजे अक्षरशः नाही. दिवसा मात्र, बाबांच्या म्हणण्याप्रमाणे, कॉटमध्ये टाकली की गुडुप. मीच तसं बजावलं होतं त्यांना. खांद्यावर झोपायची सवय लावू नका, आणि कामाच्या टेबलापाशी अजिबात नेऊ नका. तिथे पातं आहे, टोकदार चिमटे आहेत, आणि अक्षरं मऊ करायचं ते आंबूस वासाचं औषध आहे. त्यांनी मान डोलावली होती. ते सगळ्याच गोष्टींना मान डोलावतात, पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

शेवटी मी नवऱ्याला सांगितलं. तो गोदामात पाळीवर असतो. घरी आला की बूट काढता काढता ऐकतो, म्हणजे अर्धंच ऐकतो.

"बाबांचा हात?" तो म्हणाला. "अगं, परवा त्यांनी माझ्या घड्याळाचा सेल बदलून दिला."

"सकाळी की दुपारी?"

"त्याचा काय संबंध?"

मी त्याला टँकर दाखवला, एक बाजू आणि मग दुसरी. त्याने बूट हातात धरूनच डबा फिरवून फिरवून पाहिला. मग म्हणाला, "ताईला विचारू."

ताई म्हणजे माझी नणंद. ती लोकांचे खांदे-गुडघे हलते करण्याचं काम करते. घरात अशी व्यक्ती असली की प्रत्येक दुखण्याचं नाव आधी तिला विचारायची पद्धत पडते. फोनवर तिने मला बोलू दिलं. मी सविस्तर बोलले. बटण, किल्ली, कप, चमचा. मला पुराव्यांची मांडणी चांगली जमते, कॉलेजात वादविवादात बक्षिसं मिळायची.

"वहिनी, एकाच बाजूला होतंय ना?" ती म्हणाली.

"टाकीच्या एकाच बाजूला."

"हो, पण सकाळी ठीक आणि दुपारी थकल्यावर बिघडतं. आणि सगळं एकसारखं, एकाच दिशेला. कंपवात असा एका बाजूनेच सुरू होतो. मी असं म्हणत नाहीये की आहे. पण दाखवून घेऊ. आणि तोवर..."

तोवर काय, ते तिला सांगावं लागलं नाही.

मग आमच्या घरात हळू आवाजात बोलणं सुरू झालं. जिना बंद. दुपारी मी कामावर असताना लेक ताईकडे, तिला जमेल तितके दिवस. डबे काही दिवस बंद, कारण सांगायचं तर डोळ्यांना आराम. मी पाळणाघराची चौकशी केली. जागा होती, पण दुपारपुरती ठेवत नव्हते, आणि पूर्ण दिवस ठेवायचं तर माझं दुकान सोडून दुसरी नोकरी बघणं आलं. दुकान सोडलं तर पांढरी शाई गेली, आणि मग डबे कुणाच्याच हातून झाले नसते. एक धागा ओढला तर अख्खा स्वेटर उसवायला लागला होता.

ताई रविवारी आली. बाबांना खुर्चीत बसवलं, दोन्ही हात पुढे करायला लावले आणि त्यांच्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. आम्ही तिघं उभे राहून त्या कागदाकडे बघत होतो. कागद थरथरला.

"काय गं, लागला का निकाल?" बाबा म्हणाले. "पास की नापास?"

"बाबा, बोलू नका, हात स्थिर ठेवा."

"स्थिरच आहेत. पंखा चालू आहे वरती."

नवऱ्याने जाऊन पंखा बंद केला. कागद तरीही थरथरला. बाबा हसले नाहीत. त्यांनी हात खाली घेतले आणि मांडीवर उलटे ठेवले, तळवे वर करून. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखे. त्यानंतर त्यांनी लेकीला आपणहून उचललं नाही. ती रांगत त्यांच्या पायाशी जायची, सदऱ्याला धरून उभी राहायची, आणि ते म्हणायचे, "आईला सांग हो, आईला."

डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली. एव्हाना दंतवैद्यांचे दोन फोन येऊन गेले होते, पहिला बाबांनीच घेतला होता. दुसऱ्या फोनला मी म्हटलं, दुसऱ्या बाजूची अक्षरं मीच उपटून पुन्हा बसवते. दुकानातून रजा घेतली. बाबांना नवऱ्याने ताईकडे पोचवलं, तिथे बदल म्हणून. बदल कुणाला हवा होता, ते कुणी विचारलं नाही.

त्या दुपारी मी लेकीला भरवलं, पुसलं आणि कॉटमध्ये ठेवलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी विनोद केलाय आणि तो तिला कळला नाही, अशी. मग तोंड उघडलं. मी थोपटलं, गुणगुणले, पडदे ओढले. इंजिनाने शिट्टी सोडली ती सोडलीच. बाजूच्या घरातून भिंतीवर टकटक झाली. मी तिला उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. माझ्या पायांना गोळे आले. कॉटमध्ये टाकली की गुडुप, म्हणे. मला बाबांचा राग आला, आणि ते इतकं सहज करत होते त्या गोष्टीचा हेवाही.

डबे तर करायचेच होते. शेवटी मी तिला डाव्या खांद्यावर टाकलं आणि कामाच्या खोलीत गेले. आधी पातं उचलून कपाटावर ठेवलं, औषधाची बाटली खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर. तुकडे कापायचेच नव्हते, बाबांनी सगळे कापून डबीत घालून ठेवले होते. मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि दिवा लावला.

आणि लेक गप्प झाली.

नुसती गप्प नाही. तिने माझ्या मानेत नाक खुपसलं, उजव्या मुठीत माझ्या झग्याचा गळा धरला, एक लांब उसासा टाकला आणि झोपली. इतक्या झटकन की मी घाबरून तिच्या नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता. तिचं डोकं माझ्या जबड्याला टेकलं होतं, गरम, जड. एखाद्या ठरलेल्या जागी येऊन माणूस अंग सैल सोडतो ना, तशी ती सैल झाली होती.

मला तेव्हाही काही सुचलं नाही. झोपली एवढंच कळलं, आणि तिला हलवायची माझी छाती नव्हती. म्हणून मी तशीच कामाला लागले. जुनी ओळ चिकटपट्टीने उचलून काढलेला एक टँकर स्पंजच्या खाचेत आडवा ठेवला. डबीतली ओळ पाण्यात सोडली. एका हाताने, कारण दुसरा लेकीखाली होता. ओळ टाकीवर सरकवली आणि ब्रशने लावायला लागले. लेकीच्या डोक्यामुळे मला मान उजवीकडे कलती धरावी लागत होती आणि पुढे वाकता येत नव्हतं. डबा अंतरावरून, बाजूने दिसत होता. तरी मी हट्टाने लावली. उजवं टोक जरा वर वाटलं, खाली घेतलं. पुन्हा पाहिलं. सरळ. शपथेवर सांगितलं असतं की सरळ. फडक्याने पाणी टिपलं.

वाळेपर्यंत मी हललेच नाही, डुलकी लागली असावी. मग टँकर उचलून रुळाच्या तुकड्यावर उभा केला, आणि तो नीट समोरून दिसावा म्हणून खुर्ची मागे सारली.

ओळ डावीकडून उजवीकडे उतरत होती.

मी दंतवैद्यांनी आणलेला एक डबा खोक्यातून काढून शेजारी ठेवला. दोन्ही टँकर एकामागे एक. माझी ओळ आणि बाबांची ओळ एकाच उतारावर लागली होती. इतक्या तंतोतंत की एका ओळीला लावलेली पट्टी तशीच सरकवून दुसऱ्या ओळीला लावता आली असती. माझा हात तर कापत नाही. थकलेला आहे, पण कापत नाही.

मी पुन्हा मान उजवीकडे कलती केली, लेकीच्या डोक्याला जागा करून दिली आणि दोन्ही डब्यांकडे पाहिलं. दोन्ही सरळ.

हसू आलं आधी. मग पुढचं सगळं एकदम डोक्यात आलं. कॉटमध्ये गुडुप नव्हतंच कधी. रोज दुपारभर ती इथे, या खुर्चीत, या दिव्याखाली, या चिमट्यांपाशी झोपत होती. इतकी झोपत होती की रात्री तिला झोपायला काही उरत नव्हतं, आणि ती सगळी जागरणं मी काढत होते. माणसाला कापरं भरलं या कल्पनेने मी दिवसेंदिवस पोखरली जात होते, आणि ते माझ्या लेकीला खांद्यावर घेऊन डब्यांवर अक्षरं लावत बसले होते!

बाबा आले तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यांनी चपला काढल्या, आणि मला कामाच्या खोलीच्या दारात लेकीसह उभी बघितल्यावर एक चप्पल पुन्हा घातली.

"या, आत या," मी म्हटलं. "हे बघा."

ते टेबलाशी आले. दोन्ही टँकरांकडे पाहिलं. कोणता आपला आणि कोणता माझा, हे त्यांना एका नजरेत कळलं, कारण माझ्या अक्षरांखाली हवेचा बुडबुडा राहिला होता. मग त्यांनी माझ्या डाव्या खांद्याकडे पाहिलं. तिथे लाळेचा डाग होता.

"कळलं का?" ते हळूच म्हणाले.

"बाबा, इथे पातं असतं!"

"पातं सकाळीच वापरतो. तुकडे सकाळी कापून ठेवतो. दुपारी नुसतं पाणी, ब्रश आणि चिमटा."

"चिमटा टोकदार आहे."

"आहे," ते म्हणाले. "खरं आहे. तो नको होता."

"आणि मला रोज सांगायचे, कॉटमध्ये गुडुप!"

"काय करू? कॉटमध्ये ठेवली की ती जीव जाईस्तोवर रडते. तुला विचारलं असतं तर तू खांद्यावर घ्या म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग?"

माझा राग संपला नव्हता. "तुम्हाला तरी दिसलं नाही का, ओळ वाकडी जातेय ते?"

"मला सरळच दिसायची गं. शेवटपर्यंत सरळ दिसली. मग डबा खोक्यात, तिला उठवायचं नाही म्हणून दिवा बंद." ते खुर्चीत बसले. "दंतोबाने पहिल्या फोनवर सांगितलं तेव्हा मी चाटच पडलो."

"तेव्हाच का नाही बोललात? ताईने कागद ठेवला तेव्हा? तुम्हाला माहीत होतं ना, की तुम्ही एका हाताने, वाकडी मान करून..."

त्यांनी तळवे पुन्हा मांडीवर उलटे ठेवले होते.

"मलाही वाटायला लागलं होतं, की असेल," ते म्हणाले. "तुम्ही तिघं बघत होतात, तिघांनाही दिसत होतं. मला एकट्याला दिसत नव्हतं. मग म्हटलं, आपल्यालाच कळत नसेल. असंच होत असेल, आपलं आपल्याला शेवटी कळतं." मग लेकीकडे बघून म्हणाले, "आणि पोरगी हातातून पडली असती तर? असल्या गोष्टीत माणूस आपल्या मताला चिकटून बसतो का?"

मी दुसऱ्या खुर्चीवर बसले. लेक जागी होऊन त्यांच्याकडे झेपावत होती आणि ते हात पुढे करत नव्हते. आमच्यात आता दोन गोष्टी ठरल्या, अगदी कोरड्या आवाजात. दुपारी हे टेबल बंद. दोन्ही बाजू सकाळीच, एक आज आणि एक उद्या, प्रदर्शनाला उशीर झाला तर दंतवैद्य बघून घेतील. आणि झोप खांद्यावर चालेल, पण बाहेरच्या खोलीत, आणि चार वाजता उठवायचं.

"झोपलेलं पोर उठवायचं?" बाबा घायकुतीला आले.

"नाही उठवलंत तर रात्री तुमच्या उशाशी आणून ठेवीन."

"उठवतो," ते म्हणाले.

मला वाटलं, संपलं. पण घरात एकदा पसरवलेली गोष्ट गोळा करणं तितकं सोपं नसतं, हे संध्याकाळी कळलं. नवरा आला, बाबांच्या मागोमाग ताईही आली, त्यांचा चष्मा तिच्याकडे राहिला होता तो द्यायला. मी दोघांसमोर दोन टँकर ठेवले आणि सगळं सांगितलं. खांदा, मान, उतार. नवऱ्याने डबे उचलून पाहिले.

"म्हणजे तुझाही हात गेला का?" तो म्हणाला.

"चेष्टा करू नकोस."

"वहिनी," ताई हळू आवाजात म्हणाली, पेशंटशी बोलतात त्या आवाजात, "तू फार दमलीयेस. अक्षरांचं कारण सापडलं, छान झालं. पण बटणाचं काय? किल्लीचं? कपाचं? तूच सांगितलंस ना सगळं?"

सांगितलं होतं. मुद्देसूद सांगितलं होतं. आता मी म्हणत होते की किल्ली मलाही त्या कुलपात लागत नाही, आणि ते ऐकताना दोघांच्या चेहऱ्यावर तीच समजूतदार शांतता होती, जी आठवडाभर माझ्या चेहऱ्यावर असली पाहिजे.

बाबांनी सगळ्यांसाठी चहा आणला. ट्रे टेबलावर ठेवला, एक कप उचलून ताईपुढे धरला. ताई कपाकडे बघत होती. नवराही. आणि मीही, सगळं कळूनसुद्धा. कप बशीत किणकिणायला लागला. ताईने नवऱ्याकडे पाहिलं.

"बघू नका ना त्यांच्याकडे!" मी ओरडलेच.

लेक दचकून रडायला लागली. बाबांनी कप खाली ठेवला, चहा सांडला होता तो आपल्याच रुमालाने पुसला. ताई म्हणाली, "डॉक्टरांची वेळ मी काही रद्द करणार नाही हं."

"नको करूस. मीच घेऊन जाईन त्यांना," मी म्हटलं.

लेक रडतच होती. ही तिची खाली जायची वेळ होती, आणि गेले कितीतरी दिवस तिला कुणी नेलं नव्हतं. ती दाराकडे बोट दाखवत होती. मी उठले, तिचं नाक पुसलं, टोपी घातली. मग बाबांसमोर जाऊन उभी राहिले.

"घ्या," मी म्हटलं. "खाली नेऊन आणा जरा."

ते माझ्याकडे बघत राहिले. "जिन्याने?"

"खिडकीतून न्यायचा विचार आहे का?"

त्यांनी हात पुढे केले. हात कापत होते की नव्हते, मी पाहिलं नाही. लेकीच्या टोपीकडे बघत तिला दिलं. ती त्यांच्या कडेवर गेली आणि गप्प झाली, गळ्याशी सदरा मुठीत धरून.

नवरा उठला. "मी येतो बरोबर."

"तू बस."

"अगं, पण तूच तर म्हणाली होतीस, की..."

"मीच म्हणाले होते. बस आता."

तो बसला नाही, पण पुढेही गेला नाही. बाबा दारापाशी थांबले. "चला, इंजिन," ते म्हणाले, रोजच्यापेक्षा हळू आवाजात. पुढचा शब्द बोललेच नाहीत. दार त्यांच्यामागे उघडंच राहिलं.

चपलांचा आवाज येत होता. एक पाय, मग दुसरा, मग पुन्हा पहिला, पूर्वीपेक्षा सावकाश. कठड्यावरून सरकणारा हात ऐकू येत होता. मधल्या वळणावर आवाज थांबला. तिथेच तो हलणारा कठडा आहे. मी टेबलाची कड धरली होती. ताई माझ्याकडे बघत होती, नवरा दाराकडे. मला एवढंच करायचं होतं, की उठायचं नाही. अंगात उठायचं त्राण नव्हतं हे खरंच, पण तेवढ्यावर कुणी आई बसून राहत नाही. कुणाशी तरी बाबा बोलले, खालच्या मजल्यावरच्या कुणाशी तरी, आणि लेकीने एक बारीक किंकाळी मारली. नवऱ्याने पाऊल उचललं.

"आनंदाची आहे ती," मी म्हटलं. "रडण्याची वेगळी असते."

पुन्हा चपला वाजल्या. मग खालचं मोठं दार कुरकुरलं.

ताई न राहवून खिडकीशी गेली.

"दिसतात का?" मी विचारलं. मी जागची हलले नव्हते.

"हो. रस्त्याच्या कडेला उभे आहेत. ती कुत्र्याला हात करतेय."

"आणि बाबांचे हात?" नवऱ्याने विचारलं.

ताईने वाकून पाहिलं, बराच वेळ.

"मला इथून नुसतं टक्कल दिसतंय," ती म्हणाली.

नवरा खाली बसला आणि त्याने गार झालेला चहा ओढून घेतला. मी टेबलावर डोकं टेकलं. कुणीतरी मला उठवेपर्यंत मी तशीच राहणार होते.